परदेशी प्रवासी आणि द्रोणागिरीचा चिखल

नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, उरण तालुक्यात सिडकोने वसवायला घेतलेल्या द्रोणागिरी नगराच्या आसपास निसर्गाचे इतके वेगवेगळे प्रकार एकमेकांना खेटून आहेत, की भूगोलाच्या शिक्षकाने एका दिवसाच्या सहलीत अर्धे पुस्तक शिकवून संपवावे. ज्या डोंगरावरून नगराला नाव मिळाले तो द्रोणागिरी समुद्राच्या काठाशी उभा आहे, त्याच्या माथ्यावर पोर्तुगीज अमलातील बांधकामाचे अवशेष आहेत आणि हनुमानाने नेलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी कथा परिसरात सांगितली जाते. पायथ्याच्या एका अंगाला पीरवाडीचा किनारा आणि तेल-वायूचा प्रकल्प आहे, दुसऱ्या अंगाला करंजाचे मासेमारी बंदर, आणि आतल्या बाजूला खाजणे, म्हणजे भरतीचे खारे पाणी ज्यांत शिरते आणि ओहोटीला ज्यांचा चिखल उघडा पडतो अशा सखल जमिनी, तिवरांची झाडी, मिठागरे आणि पाणथळी पसरल्या आहेत. असे असूनही परदेशातून केवळ निसर्ग पाहण्यासाठी निघालेला प्रवासी येथे जवळजवळ कधीच थांबत नाही. तो जातो समोरच्या घारापुरीला, जे बेट उरण तालुक्यातच मोडते. पण तेथेही त्याला ओढून नेतात ती कोरीव लेणी, बेटाचे रान किंवा किनारा नव्हे. हे असे का घडते, याचे उत्तर शोधताना निसर्ग-पर्यटनाचे जागतिक प्रवाह विचारात घ्यावे लागतात, आणि तसे करता करता निसर्ग ‘पाहण्याजोगा’ ठरतो तो कोणत्या गोष्टींमुळे, हा मूळ प्रश्नही समोर येतो.

‘परदेशी पर्यटक’ हा शब्द बोलण्यात सैल वापरला जातो, परंतु आकडेवारीत त्याला नेमका अर्थ आहे: आपल्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशाबाहेर किमान एक रात्र आणि सलग एक वर्षाहून कमी काळ राहणारी, आणि भेट दिलेल्या देशातील मालकाकडे नोकरी करण्यासाठी न आलेली व्यक्ती म्हणजे परदेशी पर्यटक होय. या व्याख्येनुसार 1950 मध्ये जगभरात अशा प्रवासांची संख्या सुमारे अडीच कोटी होती. 2019 मध्ये ती सुमारे 146 कोटींवर गेली, करोनाच्या साथीमुळे 2020 मध्ये 40 कोटींच्या आसपास कोसळली आणि 2024 मध्ये पुन्हा 140 कोटींपर्यंत आली. भारतात 2019 मध्ये सुमारे 1 कोटी 9 लाख परदेशी पर्यटक आले, तर त्याच वर्षी देशाबाहेर गेलेल्या भारतीयांची संख्या 2 कोटी 69 लाखांच्या घरात होती. परदेशी पर्यटकांच्या संख्येनुसार लावलेल्या राज्यांच्या यादीत महाराष्ट्र नेहमी वरच्या स्थानांवर असतो, पण त्या मानाच्या जागेचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. राज्यांचे आकडे मुख्यतः निवासव्यवस्थेच्या नोंदींवरून बनतात आणि व्याख्येत सहलीबरोबर व्यवसाय, उपचार, नातलगांची भेट हे सारे हेतू सामावलेले असतात. त्यामुळे मुंबईच्या हॉटेलात दोन दिवस बैठका करून परतलेला उद्योजकही त्यात मोजला जातो, मग त्याने सह्याद्रीचा एक कडाही पाहिलेला नसो.

पर्यटनाच्या अभ्यासात प्रवासामागची कारणे दोन गटांत मांडण्याची पद्धत रूढ आहे, आणि ग्रॅहम डॅन या अभ्यासकाच्या 1977 मधील लेखनामुळे ती विशेष प्रचलित झाली. माणसाला घरातून बाहेर काढणारी कारणे ती ‘रेटा’, आणि ठिकाणाकडे खेचणारी कारणे ती ‘ओढ’. निसर्गाच्या बाबतीत या दोहोंचा सांधा एका साध्या गोष्टीवर जुळतो: आपल्या घरी जो निसर्ग नाही, त्याच्यासाठी माणूस समुद्र ओलांडतो. उत्तर युरोपातील लांब, अंधाऱ्या हिवाळ्याला कंटाळलेला प्रवासी गोव्याच्या किंवा मालदीवच्या किनाऱ्यावर उन्हात पडून राहण्यासाठी पैसे मोजतो, आणि ज्या उन्हाला टाळण्यासाठी कोकणातला माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही, तेच ऊन त्याला हवे असते. मराठी मध्यमवर्गाचे परदेश पर्यटन याच्या नेमके उलट दिशेने वाहते. केसरीसारखी 1984 मध्ये सुरू झालेली सहल कंपनी आणि तिच्या मागून आलेल्या इतर मराठी कंपन्या यांनी गटसहली मराठी घरांपर्यंत पोहोचवल्या, तेव्हा त्यांतील युरोपचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले ते स्वित्झर्लंडमधील बर्फ. समुद्रसपाटीपासून 3,454 मीटर उंचीवरील युंगफ्राऊयोख येथे 1912 मध्ये सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे माणसाला पायपीट न करता थेट हिमनदीच्या कडेला नेऊन सोडते, आणि वर्षाकाठी सुमारे दहा लाख लोक या वाटेने तेथे जातात. तेथे पोहोचलेले मराठी कुटुंब जे करते, म्हणजे बर्फाचे गोळे करून एकमेकांवर फेकते, ते त्या परिसरातल्या माणसाला बालिश वाटत असेलही. परंतु मुंबईत पावसाळ्यात मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर मुद्दाम भिजत उभ्या राहिलेल्या अरब कुटुंबांकडे पाहून मुंबईकरालाही तसेच वाटत आले आहे.

ही अरब कुटुंबे निसर्ग-पर्यटनाच्या इतिहासातील एक लक्षणीय आणि काहीसे दुर्लक्षित उदाहरण आहेत. आखाती देशांत जून ते ऑगस्ट हे महिने अंग भाजून काढणारे असतात. तेलाच्या पैशाने प्रवास परवडू लागल्यावर तेथील अनेक कुटुंबे ऐन पावसाळ्यात मुंबईला येऊ लागली, कुलाब्याच्या परिसरात मुक्काम करू लागली, आणि त्यांच्या येण्यामागे उपचार व खरेदीबरोबरच पाऊस पाहणे हाही उघड हेतू असे. ओमानमधील सलालाह येथे मोसमी वाऱ्यांच्या स्पर्शाने काही आठवडे डोंगर हिरवे होतात आणि त्या ‘खरीफ’ काळात आखातातील लोकांची तेथे रीघ लागते, ती याच भुकेपोटी. डोंगर, जंगल, किनारा ही ठिकाणे होत. पाऊस मात्र ठिकाण नसून ऋतू आहे, आणि ऋतूही परदेशी पर्यटनाचे गंतव्य होऊ शकतो, हे मुंबईने पाहिले आहे.

ऋतूचा हा मुद्दा महाराष्ट्राच्या बाबतीत निर्णायक ठरतो. पाश्चात्य देशांतून येणारे पर्यटक भारतात प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात येतात, आणि सह्याद्रीचे जे रूप मराठी माणसाच्या मनात घर करून असते, ते धबधब्यांचे, धुक्याचे, रानफुलांचे रूप तोवर ओसरलेले असते. कासच्या पठारावरील फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना, चांदोली, राधानगरी यांच्याबरोबर कासही आहे; तरीही तेथे लोटणारी गर्दी पुण्या-मुंबईकडची आणि साताऱ्या-कोल्हापूरची असते, आणि दिवसाला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली ती तिच्यामुळेच. ताडोब्याची अडचण थोडी निराळी आहे. 1955 मध्ये घोषित झालेले हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. तेथे वाघ दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते ती एप्रिल-मे महिन्यांत, पाणवठे आटून प्राणी मोजक्या पाण्यावर येतात तेव्हा, आणि चंद्रपूरचा तो उन्हाळा हिवाळी प्रवाशाच्या वेळापत्रकात बसत नाही. तरीही वाघ हा प्राणी असा आहे, की त्याच्यासाठी लोक गैरसोयीची वेळही स्वीकारतात.

वन्यप्राणी पाहण्याच्या पर्यटनात दर्शनाची अशी अनिश्चितता हाच किमतीचा आधार असतो, आणि जगात अनेक ठिकाणी गर्दी रोखण्यासाठी किमतीचाच बांध घातला गेला आहे. रवांडाने 2017 मध्ये पर्वतीय गोरिला पाहण्याच्या परवान्याचे शुल्क 750 डॉलरवरून 1,500 डॉलर केले. इक्वेडोरच्या ताब्यातील गालापागोस बेटांवर परदेशी पर्यटकाचे प्रवेशशुल्क ऑगस्ट 2024 पासून 100 वरून 200 डॉलर झाले. किनाऱ्यांच्या वाट्याला मात्र किंमत वाढण्याआधी गर्दी येते. थायलंडचा माया बे एका चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाला आणि प्रवाळांची हानी झाल्यावर 2018 मध्ये बंद करावा लागला, तो 2022 च्या जानेवारीत निर्बंधांसह उघडला.

याहून विचार करायला लावणारा प्रवाह बर्फाच्या आणि आगीच्या प्रदेशांकडे वळलेला आहे. आइसलँड हा जेमतेम साडेतीन-चार लाख लोकसंख्येचा देश. तेथील एयाफ्यातलायोकुल ज्वालामुखीचा 2010 मध्ये उद्रेक झाला, त्याच्या राखेने युरोपची विमाने अनेक दिवस जमिनीवर खिळून राहिली, आणि त्या संकटातून या देशाचे नाव जगभर झाले. त्या वर्षी पाच लाखांहून कमी असलेली परदेशी पर्यटकांची संख्या 2018 पर्यंत 23 लाखांवर पोहोचली, म्हणजे दर स्थानिक माणसामागे सहा-सात पाहुणे. अंटार्क्टिकावर कोणत्याही देशाचे सार्वभौमत्व मान्य झालेले नसल्याने तेथे शुल्क आकारणारे सरकार नाही. म्हणून सहल जहाजांच्या चालकांनीच 1991 मध्ये एक संघटना स्थापन केली आणि नियम घालून घेतले, ज्यांनुसार एका जागी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाच उतरवता येत नाही. तरीही 2023-24 च्या हंगामात तेथे एक लाख वीस हजारांहून अधिक पर्यटक गेले. बर्फ वितळून नाहीसे होण्याआधी ते पाहून घ्यावे, या भावनेने होणाऱ्या अशा प्रवासाला अभ्यासक ‘शेवटच्या संधीचे पर्यटन’ म्हणतात. त्यातली विसंगती अशी, की त्या प्रवासाचा धूरही बर्फ वितळण्याच्या कारणांत भर घालतो.

या पार्श्वभूमीवर घारापुरीकडे पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेले हे बेट परदेशी माणसाच्या नजरेत किमान पोर्तुगीजांपासून आहे, आणि ‘एलिफंटा’ हे नावही त्यांनी तेथील दगडी हत्तीवरून दिले. तो हत्ती 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन तुटून फुटला, आणि पुढे जोडून मुंबईच्या राणीच्या बागेत येऊन थांबला. नोव्हेंबर 1875 मध्ये ब्रिटिश युवराजाला याच लेण्यांत मेजवानी देण्यात आली होती, त्यामुळे पाहुण्याला घारापुरी दाखवण्याची प्रथा किती जुनी आहे हे कळते. 1987 मध्ये लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि प्रवासी मार्गदर्शिकांत बेटाची जागा पक्की झाली. मात्र बेटावरच्या गावांत समुद्राखालून वीज पोहोचायला फेब्रुवारी 2018 उजाडावे लागले. आज लेण्यांच्या दाराशी भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी व्यक्तीला 600 रुपये तिकीट आहे, आणि ते देऊन आत गेलेला माणूस त्रिमुखी सदाशिवासमोर उभा राहतो, माकडांपासून हातातली बाटली वाचवतो व दुपारच्या लाँचने परततो.

या भेटीत जी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते ती म्हणजे बेटावरची जेट्टी. ती इतकी लांब का आहे आणि तिच्यावर पर्यटकांसाठी छोटी गाडी का चालते, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर पायाखालीच असते: बेटाभोवतीचे पाणी उथळ आहे, ओहोटीला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि लाँच किनाऱ्याला लागू शकत नाही. म्हणजे परदेशी पाहुणा लेण्यांकडे जाताना आणि येताना एका समृद्ध परिसंस्थेवरून, तिवरांच्या आणि चिखलात भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्यांच्या शेजारून जातो, पण ते पाहण्यासाठी आपण आलो आहोत असे त्याला कोणी सांगितलेले नसल्यामुळे त्याच्या लेखी तो केवळ चिखल असतो, आणि वास आला तर नाक धरण्याचे निमित्त.

चिखल पाहायला लोक जात नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्यालगतचा वाडन समुद्र हा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखल-वाळूच्या पट्ट्यांचा जगातील सर्वांत मोठा अखंड प्रदेश मानला जातो. त्याच्या डच व जर्मन भागाला 2009 मध्ये आणि डॅनिश भागाला 2014 मध्ये जागतिक वारशात स्थान मिळाले. तेथे ओहोटीच्या काही तासांत मुख्य भूमीवरून बेटापर्यंत गुडघाभर चिखलातून चालत जाण्याचा प्रकार लोकप्रिय आहे. लांबच्या वाटा ठरलेल्या असतात, परवानाधारक वाटाड्याशिवाय त्यांवर पाऊल टाकता येत नाही, भरतीच्या वेळा पाहूनच दिवस आखला जातो आणि दरवर्षी स्थलांतराच्या काळात एक कोटीच्या आसपास पक्षी जेथे उतरतात तो पट्टा दुर्बिणीतून पाहण्यासाठी निरीक्षणाच्या जागा केलेल्या असतात. दक्षिण कोरियाच्या चिखलकिनाऱ्यांनाही 2021 मध्ये हाच दर्जा मिळाला. तेथला चिखल उरणच्या चिखलाहून जातीने वेगळा नाही. वेगळे आहेत ते त्याच्याभोवती उभे राहिलेले नाव, वाट, वेळ आणि वाटाड्या.

योगायोग असा, की द्रोणागिरीचे डचांशी आधीच एक नाते आहे. समुद्रसपाटीलगतच्या सखल जमिनीवर नवी मुंबई उभारताना सिडकोने पाण्याच्या निचऱ्यासाठी डच पद्धतीवर आधारलेले धारण तलाव बांधले. भरती चढली की झडपा आपोआप मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला ते खाडीत सुटते. कोकणातल्या खारभूमीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून त्याला जी ‘उघाडी’, म्हणजे पाणी सोडण्याची झडपेची वाट, ठेवत आले, तिचेच हे मोठे आणि यांत्रिक रूप म्हणता येईल. डचांकडून पाणी अडवण्याची विद्या घेतली गेली, त्यांची चिखलात चालण्याची हौस मात्र आली नाही.

द्रोणागिरीच्या परिसरातील पाणजे ही पाणथळ या संदर्भात विशेष महत्त्वाची आहे. तिचे महत्त्व समजण्यासाठी पक्ष्यांचा दिनक्रम लक्षात घ्यावा लागतो: हिवाळ्यात सैबेरिया आणि मध्य आशियातून येणाऱ्या तुतारी, टिलवा, पाणटिवळा, कुरव अशा पक्ष्यांना ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात किडे, शिंपले, लहान खेकडे मिळतात, भरती चढून तो चिखल बुडाला की त्यांना पुढची ओहोटी येईपर्यंत उभे राहायला उथळ, निवांत जागा लागते. पाणजे ही अशी भरतीच्या वेळची थाऱ्याची जागा आहे, आणि रोहित पक्ष्यांचे थवेही तेथे दिसतात. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याला 2015 मध्ये संरक्षण आणि ऑगस्ट 2022 मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ऐरोलीहून वन विभागाच्या केंद्रातर्फे होड्यांतून रोहित दाखवण्याची सोयही झाली. परंतु पक्ष्याला अभयारण्याची सीमारेषा कळत नाही, आणि थाऱ्याच्या जागा अभयारण्याबाहेर असतील तर आतला चिखल एकटा त्यांना तगवू शकत नाही. पाणजे येथील भरतीचे पाणी अडवले जात असल्याच्या तक्रारी पर्यावरण कार्यकर्ते आणि मच्छीमार अनेक वर्षे करत आले आहेत. नगराचा आराखडा पाहणाऱ्याला तेथे भूखंड दिसतात, दुर्बीण लावणाऱ्याला पाणथळ दिसते, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

आता या शांत कोपऱ्याभोवती वाहतूक झपाट्याने वाढते आहे. 12 जानेवारी 2024 रोजी सुमारे 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकल मार्गाचे उद्घाटन होऊन द्रोणागिरीला रेल्वे स्थानक मिळाले; उलव्याजवळच्या नव्या विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. रिचर्ड बटलर या अभ्यासकाने 1980 मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे मांडले, ज्यांत आधी मोजके शोधक येतात, मग स्थानिक लोक सोयी करतात, नंतर बाहेरचे भांडवल शिरते आणि शेवटी स्थळ साचते किंवा ओसरते. द्रोणागिरीत हा क्रम उलटा पडलेला दिसतो, कारण येथे बाहेरचे भांडवल, पूल आणि धावपट्टी आधी आली, शोधक मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. विमाने आणि पक्षी एकाच आकाशात असण्याचा अर्थ काय होतो, हे 20 मे 2024 च्या रात्री दिसले, दुबईहून मुंबईला उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरजवळ रोहितांचा थवा धडकला आणि जवळपास 40 पक्षी मेले तेव्हा. दोन्ही बाजूंचे प्रवासी लांबून आलेले होते.

परदेशी पाहुणा या चिखलाकडे वळायचा असेल तर त्याला सर्वांत आधी लागेल ते वेळापत्रक, आणि सहलींच्या धंद्याची खरी अडचण तेथेच आहे, कारण भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते आणि सकाळी नऊला बस सोडणाऱ्या आयोजकाला ती जुळत नाही. उरणच्या कोळ्याला मात्र त्यासाठी छापील तक्ता लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मंद भरती, हे त्याला ठाऊक असते, आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. पौषातल्या पंचमीला हा हिशेब पावणेचार सांगतो. त्या दिवशी पाणजेला पोहोचायचे तर अडीचच्या आत पोहोचावे लागते, म्हणजे खाडीतला चिखल बुडू लागल्यावर पहिले थवे बांधावरून आत उतरताना दिसतात.